उजेडाचा पहिला मान

देवळातला पहिला नारळ ज्याचा, पहिला उजेडही त्याचाच, असं आमच्या गावाने एका हिवाळ्यात ठरवून टाकलं. ठराव मांडला गेला नाही, हात वर झाले नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि झालं. गावाचे बहुतेक निकाल असेच लागतात. मला माना डोलावण्याचा पहिल्यापासून संशय आहे.

रशियाचं यान चंद्रावर जाऊन आदळलं, त्याच सालातली ही गोष्ट. मी मुंबईहून परत आलो होतो. गिरणीत चिकटेन म्हणून गेलो होतो आणि संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटायला लागलो, मग लिहायलाही लागलो. पत्रक लिहिणाऱ्याला एक सवय लागते. कुणी काही सांगितलं की आधी विचारायचं, यात याचा फायदा काय? गावात ही सवय मुंबईपेक्षा जास्त उपयोगी पडली.

आमचं गाव मालवण आणि कसालच्या मधलं. खाली माडांच्या बागा, वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. सड्याच्या उतारावर आमच्या शेजारच्या काकीची वरकस होती. वरकस म्हणजे भात न होणारी हलकी जमीन. नाचणी पिकते, तीही देवाच्या आणि पावसाच्या मर्जीने. काकीची म्हणजे ती कसत होती म्हणून तिची. मालक मानकरी, देवळातल्या पहिल्या नारळाचा मान ज्याचा तो. काकीचा नवरा बोटीवर खलाशी होता, तो एका खेपेला परत आलाच नाही. तेव्हापासून ती एकटीच ती जमीन खणत होती आणि दरसाल खंडाची नाचणी मानकऱ्याच्या पडवीत नेऊन ओतत होती.

मग कूळकायदा आला. कसेल त्याची जमीन. काकीची सुनावणी तालुक्याला लागायची होती आणि साऱ्या गावाने तिला पंचवीस पावसाळे तिथे वाकलेलं बघितलं होतं. निकाल स्वच्छ होता.

नेमका तेव्हाच मानकऱ्याला उजेड दिसला.

तो असा. मानकरी सकाळी सड्यावरून फेरी मारून येत असे. पूर्वेला उन्हं नुकती वर आलेली, समोर काकीच्या वरकशीचा चढ, त्यावर मानकऱ्याची सावली. आणि सावलीच्या डोक्याभोवती उजेडाचं कडं. पांढुरकं, मऊ, देवाच्या फोटोत असतं तसं. तो चालला की कडं त्याच्याबरोबर चालायचं. दुसऱ्या दिवशी त्याने गुरवाला बरोबर नेलं. तिसऱ्या दिवशी आणखी चारजण गेले. सगळ्यांनी परत येऊन सांगितलं, "व्हय, मानकऱ्यांच्या डोक्याक उजवाड फुटता. आमी आमच्या डोळ्यांनी बघलंव."

आठवडाभरात त्याचा अर्थही ठरला. तिथे देवाचं स्थान आहे. मानकरी ती जमीन देवाच्या नावाने करून देणार, तिथे घुमटी बांधणार. त्याआधी एक दिवस ठरवून तिथे गाऱ्हाणं घालायचं. गाव धन्य झालं. आणि देवस्थानाच्या जमिनीला कूळकायदा लागत नाही, हे गावात फक्त दोघांना माहीत होतं. मानकऱ्याला आणि मला.

मी काकीला सांगितलं तेव्हा ती अंगणात नाचणी पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"इतको मोठो सडो," ती म्हणाली, "आणि देवाक माझीच वरकस गावली?"

"देवाक नाय गो, मानकऱ्याक गावली."

"मगे तू काय करतलंस?"

"पत्रक काढतलंय. खोटारडो आसा म्हणून लिवतलंय."

"हां," काकी म्हणाली. "आणि गावात वाचूक येता कोणाक?"

हा टोमणा मला लागला, पण खरी अडचण दुसरीच होती. मानकऱ्याला मी खोटारडा म्हणेन, ठीक. पण गुरव? गुरव आमच्या गावातला सगळ्यात भित्रा आणि सगळ्यात खरा माणूस. देवाला कौल लावायचं काम त्याचं. पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवीची पडली की होय, डावीची पडली की नाही. कळी आपोआप पडेपर्यंत हा माणूस श्वासही जपून घेतो, वाऱ्याने पडली तर देवावर खोटं यायचं म्हणून. असा माणूस मानकऱ्यासाठी थाप मारेल? त्याला गाठून मी विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "बघलंय, बघलंय," एवढंच पुटपुटला आणि घंटा पुसायला लागला. घंटा पुसायची वेळ नव्हती ती.

मला मानकऱ्याचा संशय होताच. आता गुरवाचाही आला.

हमरस्त्याजवळच्या शाळेत शास्त्र शिकवणारे एक मास्तर होते, देशावरचे. कसालच्या बाजारात चहाला भेटत. त्यांचाही मला थोडा संशय होता, कारण ते कुठल्याही पक्षाला शिव्या देत नसत. तरी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मानकऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. उलट म्हणाले, "पौर्णिमेचा चंद्र कधी नीट बघितलाय का?"

"बघितलाय. गोल असतो."

"गोल नाही, चपटा दिसतो. ताटासारखा. चेंडूवर उजेड पाडा. मध्ये उजळ दिसेल, कडेला मंदावत जाईल. चंद्राच्या कडा मात्र मध्याइतक्याच उजळ. आणि दुसरी गोष्ट. अष्टमीला चंद्र अर्धा असतो. मग पौर्णिमेला त्याचा उजेड दुप्पट व्हायला हवा की नको?"

"हवा."

"दुप्पट होत नाही. कितीतरी जास्त होतो. जास्तीचा कुठून आला?"

"कुणीतरी अष्टमीला दाबून ठेवला असणार," मी म्हटलं.

मास्तर इतके हसले की चहा बशीत सांडला. "तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण तसंच आहे! चला, दाखवतो."

शाळेची मागची भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, गिलावा न केलेली. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. ऊन कलतं होऊन भिंतीवर तिरपं पडलं होतं. मास्तरांनी मला आधी भिंतीच्या एका टोकाला उभं केलं, सूर्य समोर येईल असं. "काय दिसतं?" भिंत काळपट दिसत होती. एकेका भोकात सावली बसलेली. मग त्यांनी मला हाताला धरून दुसऱ्या टोकाला नेलं, सूर्य अगदी पाठीशी येईल असं. "आता?"

तीच भिंत, तेच ऊन. भिंत उजळून निघाली होती. भोकं होती तिथेच होती, पण त्यांतला काळोख नाहीसा झाला होता.

"सूर्याने आजवर एकही सावली पाहिलेली नाही," मास्तर म्हणाले. "जिथून उजेड येतो तिथूनच बघितलं, तर प्रत्येक खडा, प्रत्येक कण आपल्याच सावलीच्या पुढ्यात उभा असतो. ती झाकली जाते. चंद्रावर धूळ आहे, भुसभुशीत, भोकाभोकांची, या दगडाचं पीठ करून उधळावं तशी. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो. तेव्हा त्या धुळीच्या सगळ्या सावल्या एकदम झाकल्या जातात आणि चंद्र उसळून उजळतो. बाकी त्या धुळीचा रंग म्हणाल तर कोळशाच्या जवळचा."

इथे मात्र मी थांबलो. कोळशासारखी काळी धूळ आणि आम्हाला टिपूर चांदणं देते? मला असल्या गोष्टी गळी उतरवून घेण्याची सवय नाही. मास्तर म्हणाले, काळ्या आकाशात ठेवलेला उन्हातला कोळसाही पांढरा दिसेल. मी म्हटलं, बघू. अजूनही म्हणतो, बघू.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "मानकऱ्याचा उजेड खरा की खोटा?"

"खरा. सूर्य पाठीशी असला की तुमच्या डोक्याच्या सावलीभोवतीच्या जमिनीकडे तुम्ही सूर्याच्याच नजरेने बघता. गवताच्या काड्या, ढेकळं, धूळ, सगळ्यांच्या सावल्या तेवढ्या जागेपुरत्या झाकलेल्या. म्हणून तिथे उजेड. बाकीची जमीन सावल्यांनी मळकी. सकाळी दव असलं तर फारच झळाळतं, पण ते दवाचं काम. दव नसतानाही दिसतं."

"आणि शेजारी उभा असलेल्या माणसाला?"

"त्याला त्याच्या डोक्याभोवती दिसेल. तुमच्या डोक्याभोवतीचा त्याला कसा दिसणार? त्याचे डोळे तुमच्या डोक्यात नाहीत."

म्हणजे मानकरी खरं बोलत होता. आणि त्याच्या डोक्याभोवती उजेड बघितला म्हणणारे पाचही जण खोटं बोलत होते. त्यात गुरव!

मी मास्तरांना म्हटलं, गावात येऊन हे सांगा. त्यांनी धोतराची धूळ झटकली. "माझी बदली होईल," म्हणाले. "तुम्हीच सांगा. तुमची कुठे बदली करणार?"

ऐकलेलं मी छापत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच सड्यावर गेलो. काकीच्या वरकशीवर दव चमकत होतं आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती कडं होतं. मी वाकलो, तेही वाकलं. मी पळालो, तेही पळालं. पण दव होतं ना. मी उन्हं तापून दव वाळेपर्यंत कातळावर बसून राहिलो. मग पुन्हा पाहिलं. कडं फिकं झालं होतं, गेलं नव्हतं. तिथून मी बैलगाडीच्या वाटेवर उतरलो. लाल फुफाटा, गवताचं पातं नाही, दवाचा थेंब नाही. धुळीवर माझी सावली, आता आखूड झालेली, आणि डोक्याभोवती धूळ जराशी उजळ. उभं राहिलं तर लक्षात यायचं नाही, चालायला लागलं की दिसायचं. ती गाडीवाट जाते मानकऱ्याच्या आंब्याच्या कलमांच्या बागेतून.

हे मी कुणाला सांगितलं नाही. काकीलाही नाही. तिला एवढंच म्हटलं, "गाऱ्हाण्याच्या दिवशी सकाळीच ये. मानकऱ्याच्या बाजूक उभी ऱ्हव."

"मानकऱ्याच्या बाजूक? मी? माका मारूक काढतलंस काय रे?"

गाऱ्हाण्याच्या दिवशी सगळं गाव सड्यावर लोटलं. आधी त्या जागेवर गाऱ्हाणं घालायचं, मग देवळात जाऊन कौल घ्यायचा, असा बेत. मानकरी धुतलेलं धोतर नेसून वरकशीच्या पायथ्याशी उभा, तोंड पश्चिमेला. सकाळचं ऊन सगळ्यांच्या पाठीवर. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे गुरवाने देवापुढे मागणं मांडायचं आणि प्रत्येक वाक्याला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नाही म्हणायची सोय त्यात ठेवलेलीच नाही.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने सुरू केलं. "आज हय जो उजवाड..."

"व्हय म्हाराजा!"

"...आमच्या मानकऱ्यांच्या डोक्याक..."

"व्हय म्हाराजा!"

"थांबा!" मी ओरडलो. "कोणाच्या डोक्याक? जरा समोर बगून सांगा!"

एकदम कुजबुज. मानकरी माझ्याकडे वळलासुद्धा नाही. "मुंबयसून इलो आसा," तो लोकांना म्हणाला. "थंय मोर्च्यात डोक्यार काठी बसली आसतली. माका हो उजवाड दिसता, तुमकां दिसता. याका दिसना नाय तर आमी काय करतलंव?"

"माका दिसता," मी म्हटलं. "माझ्या डोक्याक दिसता."

लोक हसले. आणि मागून डोक्यावरची पाटी उतरवून काकी पुढे आली. ती खरोखरच मानकऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली, हातभर अंतरावर. गावात हे कुणी पाहिलं नव्हतं. दोन सावल्या चढावर शेजारी पडल्या. काकीने बराच वेळ समोर बघितलं. मग डोकं डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं.

"गो बाय माझे," ती म्हणाली. "माझ्याच डोक्याक आसा! मानकऱ्यांच्या डोक्याक तर काळोखच दिसता."

आता हशा नाही. लोक आपापल्या सावलीकडे बघायला लागले. मी त्यांचे चेहरे बघत होतो. चहाच्या हॉटेलवाल्याने दोन पावलं बाजूला टाकली, पुन्हा दोन टाकली.

"माझ्या डोक्याक आसा," तो हळू म्हणाला.

"तुझ्या? मेल्या, तुझ्या डोक्याक तेलाचो दिवो पण कोण दाखवूचो नाय! माझ्या डोक्याक आसा."

"खोटा बोलतंस! ह्यो बघ, हयसर माझा डोक्या, हयसर उजवाड!"

"खंय? थंय काय्येक नाय! आंधळो झालंस काय?"

पाच मिनिटांत सड्यावर बाजार भरला. प्रत्येकजण आपल्या सावलीवर बोट ठेवून शेजाऱ्याला थापाड्या म्हणत होता आणि प्रत्येकजण खरं बोलत होता. दोन चुलतभाऊ एकमेकांच्या गळपट्टीला धरून उभे. मानकरी मध्येच, एकटाच. "गप ऱ्हवा! उजवाड हो माझो आसा!" असं दोनदा म्हणाला, पण आता ते वाक्य सगळ्यांचंच होतं.

मी म्हटलं, "चला, अजून दाखवतंय." आणि गाडीवाटेने खाली निघालो. अख्खं गाव मागे. बागेच्या फाटकातून आत शिरलो, मानकऱ्याच्या कलमांमधून. लाल धूळ, पुढे पुढे सावल्या, आणि पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे माना खाली घालून आपापला उजेड राखत चाललेले. कुणीतरी म्हणालं, "देव चलूक लागलो रे!"

"मानकऱ्यांनू," मी म्हटलं, "उजवाड दिसता थंय देवाचा स्थान, खरा मां? हय पण दिसता. तुमच्या बागेत. ही बाग पण देवाच्या नावार करा. सगळीच करा."

मानकऱ्याने धुळीकडे बघितलं. त्याला त्याचा उजेड तिथेही दिसत असणार. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पकडलेल्या चोराचा नव्हता तो. एखाद्याचं जेवतं ताट ओढून घ्यावं तसा होता. "कौल लावया," तो शेवटी म्हणाला. "देव काय सांगता तां बघूया. गुरवा, चल देवळात."

गुरव हलला नाही.

"माझ्यान होवचा नाय," तो म्हणाला.

"कित्याक?"

गुरव खाली बसला, धुळीतच. "माका पयल्या दिसापासून माझ्याच डोक्याक दिसता," तो म्हणाला. "मी काय म्हटलंय, देवाचा चुकला. पयलो मान मानकऱ्यांचो, उजवाड चुकान माझ्या डोक्यार पडलो. म्हणून मी कोणाक सांगूक नाय. देवाक गुपचूप नारळ ठेवलंय, म्हटलंय, देवा, तुझो उजवाड परत घे, माका फासावर चढवू नको. तरी दुसऱ्या दिसा परत दिसलो. परत नारळ ठेवलंय."

उरलेले चौघे साक्षीदार खाली मान घालून उभे होते. त्यांच्याकडे बघून मी एकालाही काही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. प्रत्येकाने आपल्या डोक्यावरचा उजेड लपवला होता आणि तो उचलून मानकऱ्याच्या डोक्यावर ठेवला होता. का, तर उजेडालाही मानपान असतो! हे कुठल्या मानकऱ्याने सांगितलं नव्हतं त्यांना. हे त्यांच्या हाडात होतं. मला तेव्हा आला तो संताप मानकऱ्यावर नव्हता, आणि तो अजून उतरलेला नाही.

कौल लागला नाही. गुरवाशिवाय कोण लावणार? घुमटी उभी राहिली नाही. सुनावणीला काकीच्या बाजूने जे बोलले त्यात हॉटेलवालाही होता आणि भांडलेले चुलतभाऊही, आणि वरकस काकीच्या नावावर लागली. मानकऱ्याला मात्र मी पुढेही कितीदा सकाळचा गाडीवाटेवर पाहिलं. सूर्याकडे पाठ करून उभा, एकटा. धुळीकडे बघत.

पत्रक मी काढलं. 'खोटारडा' लिहायचं ठरवून बसलो होतो, पण तो शब्द बसेना. माणसाने डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं होतं. मग 'लबाड' लिहिलं. खरं बोलूनही लबाड असता येतं, हे मला त्या सकाळी कळलं. आणि खोटं बोलूनही माणूस गुरवासारखा असू शकतो, हे कळलं ते मला अजून कुठल्या पत्रकात घालता आलेलं नाही.

आता म्हणे माणूस चंद्रावर उतरणार. यानं उतरली आहेत, फोटो आले आहेत. मास्तरांची धूळ तिथे आहेच असं दिसतं. परवा काकीच्या बांधावर बसून मी तिला हे सगळं सांगत होतो. तिथली माती, तिथलं ऊन, माणूस तिथे उभा राहिला तर त्याच्याही डोक्याच्या सावलीभोवती उजेड दिसेल वगैरे. काकी नाचणीचं रोप लावत होती. तिने मान वर केली नाही.

"थंय आता कोणाचा कूळ आसा?" तिने विचारलं.

"कोणाचाच नाय. रिकामी जमीन."

"मगे बघ तू. पयलो उतरतलो तो सांगतलो, उजवाड माझ्याच डोक्याक आसा." तिने रोप चिखलात दाबलं. "तू आदीच पत्रक काढून ठेव."